मैनेची वैरण

परवा तिन्हीसांजेला गवताची गाडी आली. गडी दोर सोडायला लागले तसं मी त्यांना थांबवलं. वरचा नको, मधल्या थरातला एक भारा ओढून काढायला लावला, बंद कापला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. गार लागलं. मूठभर गवत उपसून नाकाशी धरलं, पिळून बघितलं. कडकड मोडलं. मग म्हटलं, उतरवा. एका गड्याच्या कपाळावर आठी होती, पण मैनेसाठी मी हे दरवेळी करणार.

मैना आमची घोडी. काठेवाडी, रंगानं कुमैत, म्हणजे गडद तांबूस, कपाळावर चांदणी. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तिथून आणली. आमच्या माणदेशात बैल, शेळ्या, मेंढरं घरोघरी. घोडी सांभाळणारी घरं आता फार थोडी उरलीत. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, लहानपणी दारात घोडी असायची. बाकी शेजारीपाजारी जो सल्ला देत होते तो सगळा बैलाचा होता, आणि मीही तोच ऐकत गेले.

पहिल्याच वर्षी परतीचा पाऊस लांबला. एका व्यापाऱ्याकडून डोंगरी गवताचे भारे स्वस्तात मिळाले. वरून सोन्यासारखे पिवळे. मी शेडमध्ये भिंतीला लावून छपरापर्यंत थर रचले आणि वर्षाची ददात मिटली म्हणून खूश झाले. आठ-दहा दिवसांनी शेडमध्ये तंबाखूसारखा वास यायला लागला. नव्या गवताचाच असेल असं वाटलं. भारा सोडला की पांढरट भुकटी उडायची, कवडशात धुरासारखी दिसायची. मी गवत झटकून तिच्यापुढे टाकत राहिले.

चौथ्या दिवशी पहाटे ती पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, बसायची, लोळायची, परत उठायची. वरचा ओठ दुमडून दात दाखवायची. रात्रीची वैरण तशीच पडलेली आणि जमिनीवर लिदीचा एक गोळा नाही. डॉक्टरांनी आल्याबरोबर कुशीला नळी लावून आतड्याचा आवाज ऐकला, मग तिच्या नाकातून पोटापर्यंत रबरी नळी घातली. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट फुगलं तर बाहेर पडायला वाटच नसते, हे मला त्या दिवशी कळलं. नळीतून लिक्विड पॅराफिन सोडलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. दिवसभर आम्ही आळीपाळीनं तिला हळूहळू फिरवत होतो. दिवस मावळताना तिनं लीद टाकली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर सावरत आल्या आणि त्या लिदीकडे बघून त्यांनी हात जोडले.

ते गवत ओलं असतानाच बांधलेलं होतं. ओल पंधरा टक्क्यांच्या वर गेली की भारा आतून तापतो, बुरशी धरतो. फारच ओला असला तर गवताची गंज आपोआप पेटूही शकते. त्या गवताची काडीन् काडी मी खतात घातली. पैसे गेले, त्याचं दुःख नाही. वास येत होता, भुकटी दिसत होती, तरी मी तिला ते खायला घातलं, हे मात्र अजून मनातून जात नाही.

आता बरणीत कोरडं मीठ घेते, त्यात गवताचे बारीक तुकडे टाकून झाकण लावते आणि हलवते. मिठाच्या गुठळ्या झाल्या की गवत ओलं. गंज रचल्यावर पहिले तीन आठवडे मध्ये पहार खुपसून ठेवते आणि रोज बाहेर काढून तळहाताला लावते. गरम लागली तर गंज मोडायची, भारे उन्हात पसरायचे. जमिनीवर थेट काही ठेवत नाही, खाली लाकडी फळ्या, आणि भिंतीपासून हातभर अंतर.

कडबा का देत नाही, असं गावात सगळे विचारतात. आमच्याकडे कडबा म्हणजे सगळं काही, शंभर पेंढ्यांच्या भावावर माणसांची दिवाळी ठरते. पण बैल रवंथ करतो, त्याचं पोट चार कप्प्यांचं. घोड्याचं पोट एकच आणि लहान, दहा-पंधरा लिटरचं; चारा कुजवायचं काम त्याच्या मागच्या आतड्यात होतं. जाड कडब्याच्या कांड्या आत अडकायला वेळ लागत नाही. मी कडब्याची पानं तेवढी देते, तीही गवत कमी पडलं तर. कोवळ्या हिरव्या ज्वारीजवळ तिला फिरकूही देत नाही. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागून जनावरं गेलेली मी बघितली आहेत. भाताचा पेंढा नाही. हत्तीगवत रोजच्या रोज नाही, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि घोड्याची हाडं पोकळ होत जातात. कुसळी गवत तर पिशवीभरसुद्धा नको, कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात.

राहिली मारवेल आणि पवना ही दोन गवतं. फुलोऱ्यात कापलेलं, दोन-तीन उन्हं खाल्लेलं, पानं शाबूत असलेलं, अजून हिरवट झाक धरून असलेलं. बी झडून गेल्यावर कापलं की नुसत्या काड्या उरतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या फुले मारवेलचे ठोंब आम्ही पाच गुंठ्यांत लावलेत. त्यावर वर्ष निघत नाही, पण माझ्या हातचं गवत किती चांगलं होऊ शकतं हे त्यावरून कळतं. जोडीला थोडा वाळवलेला लसूणघास, रोज एक किलोच्या आत.

वजनाचं गणित डॉक्टरांनी शिकवलं. छातीच्या घेराचा वर्ग, त्याला अंगाच्या लांबीनं गुणायचं आणि ११८८० नं भागायचं, सगळं सेंटिमीटरमध्ये. मैनेचा घेर १६२, लांबी १५२, म्हणजे वजन ३३६ किलो. त्याच्या दोन टक्के, पावणेसात किलो वाळली वैरण रोज. आधी मी अंदाजानं कवळ, म्हणजे कवेत मावेल तेवढं गवत, टाकायचे. काट्याला लावून बघितलं तर कवळ कधी दीड किलोचा, कधी अडीचचा. आता ताणकाटा खुंटीलाच टांगलाय. वैरण चार वेळा, पहाटे, अकराला, पाचला आणि रात्री दहाला. रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा, कारण घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत राहतं आणि पोट रिकामं राहिलं की व्रण पडतात. गवत जमिनीवर, मान खाली घालून खाता येईल असं. चंदी त्यानंतर, भिजवलेला हरभरा एक किलो, त्याहून जास्त नाही. आमच्याकडे तिला काम ते किती? पाणी मात्र कायम भरलेलं. वाळल्या गवतावर ती तीस लिटर सहज पिते.

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शिवाजी महाराजांच्या पत्राची आठवण काढली. चिपळूणजवळ पागेची छावणी होती, तिथल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी लिहिलं होतं की दाणा-वैरण आहे तोवर मनमानी उडवाल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. गवताच्या गंजीजवळ दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतील, हेही त्यात होतं. राज्य उभं करणारा माणूस गंजीतल्या उंदराचा विचार करत होता. ते ऐकल्यावर मी शेडमधला लोंबता बल्ब काढून बाहेरच्या खांबाला लावला.

नवं गवत एकदम सुरू करत नाही. दहा दिवस घेते, आधी एक भाग नवं आणि तीन भाग जुनं, मग हळूहळू उलट. आज दुसरा दिवस. सकाळी मैनेनं नव्या गवतात नाक खुपसलं, जुनं बाजूला सारलं आणि नवं आधी संपवलं. लिदीचे गोळे घट्ट आहेत, पायाखाली दाबले की फुटतात. रात्रीचा वाटा तोलून ठेवलाय, दहा वाजायला आलेत.