सुट्टीवर गेलेल्या कारखान्याची वीजकपात

23 डिसेंबर 2022, शुक्रवार. अमेरिकेच्या पूर्व भागात इलियट वादळाची थंडी पसरली होती आणि वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडत होती. 13 राज्यांत पसरलेलं ग्रिड चालवणाऱ्या पीजेएमनं संध्याकाळी आणीबाणीचा डिमांड रिस्पॉन्स पुकारला, म्हणजे मोबदल्यात वापर कमी करायचं कबूल केलेल्या ग्राहकांना लोड (वीजवापर) उतरवायला सांगितलं. मी एका एग्रिगेटरकडे (अशा ग्राहकांना एकत्र करून ग्रिडशी व्यवहार करणाऱ्या कंपनीत) सेटलमेंट, म्हणजे कपातीचा हिशेब बघत होतो. आमच्या यादीतल्या प्लॅस्टिकच्या एका कारखान्याला 30 मिनिटांत लोड उतरवायचा निरोप गेला. फोन उचलला तो वॉचमननं. ख्रिसमसची सुट्टी लागली होती, मशिनं दुपारीच थांबली होती.

या कारखान्याचा हिशेब नंतर दोन खात्यांत मांडावा लागला. कपात तीच, मीटर तोच, पण उत्तरं एकमेकांच्या अगदी विरुद्ध. आकडे गोल करून आणि लाइन लॉस व हवामानाचे गुणक 1 धरून (म्हणजे त्यांनी आकडा बदलत नाही असं मानून) सांगतो.

पहिलं खातं कपॅसिटीचं, म्हणजे आणीबाणीत कपात करू या आधीच दिलेल्या हमीचं; ती मोडली तर दंड. कारखान्यानं आणीबाणीत 900 किलोवॅटच्या वर जाणार नाही, असं लिहून दिलं होतं. त्याचा हिवाळी पीक लोड 2,400, म्हणून बांधिलकी 1,500 किलोवॅटची. हा पीक लोड तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातला असायचा: पीजेएमनं ठरवलेले सर्वाधिक मागणीचे 5 दिवस घ्यायचे आणि त्या दिवशी ग्राहकाचा स्वतःचा सर्वांत वरचा तास पकडून सरासरी काढायची. त्या संध्याकाळी मीटरवर 350 होते. 2,400 वजा 350, म्हणजे 2,050 किलोवॅटची कपात. बांधिलकी पुरी होऊन वर उरली, दंडाचा प्रश्नच नाही.

दुसरं खातं ऊर्जेचं, म्हणजे त्या वेळी प्रत्यक्ष वाचलेल्या विजेच्या पैशांचं. इथे बेसलाइन (कपात नसती तर झाला असता तो वापर) ताजी लागते. कामाच्या मागच्या 5 दिवसांपैकी (इथे 16, 19, 20, 21 आणि 22 डिसेंबर) जास्त वापराचे 4 घेऊन तासागणिक सरासरी काढायची. ती 2,300 आली. मग त्याच दिवसाची दुरुस्ती: कपात सुरू होण्याआधीचा एक तास सोडून त्याच्या मागच्या 3 तासांत प्रत्यक्ष लोड बेसलाइनपेक्षा किती वर किंवा खाली होता, तेवढाच फरक पुढच्या प्रत्येक तासाला लावायचा. कपात 6 वाजता सुरू झाली, म्हणून दुपारी 2 ते 5 बघायचे. तेव्हा कारखाना 400 वर होता, फरक उणे 1,900. दुरुस्त बेसलाइन 400, प्रत्यक्ष 350, कपात फक्त 50 किलोवॅट. 30 मिनिटांत लोड उतरवणाऱ्या गटाला तेव्हा 1,849 डॉलर प्रति मेगावॅट-तासापर्यंत किमान दर लावता येई, घाऊक दर त्याहून वर असेल तर तो मिळे. म्हणजे 1,849 धरले तर तासाला साधारण 92 डॉलर.

ग्राहक चिडला. ‘एका कागदावर 2,050 लिहिता आणि दुसऱ्यावर 50?’ त्याचं चिडणं मला समजतं, पण माझ्या मते ऊर्जेचं खातंच खरं बोलत होतं. निरोप गेल्यावर ग्रिडला नव्यानं मिळाले ते 50 किलोवॅटच. बाकीची मागणी दुपारपासूनच नव्हती आणि ती नसतानाच ग्रिड अडचणीत आलं होतं. पुढे पीजेएमच्या अहवालातही हेच आलं: पुष्कळ ग्राहकांचा लोड आधीच उतरलेला असल्यानं खरी कपात अपेक्षेपेक्षा फार कमी भरली.

म्हणून घटना चालू असताना एग्रिगेटर तासागणिक अपेक्षित कपातीचा जो आकडा कळवतो, तो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. तिथे नोंदणीतले 1,500 चिकटवून देणं सोपं असतं. पण कंट्रोल रूममधला माणूस तेवढा लोड उतरेल असं धरून बसतो, आणि तो उतरत नाही. मीटर थेट बघता येत असेल तर दुरुस्त बेसलाइनवरून निघणारा आकडाच द्यावा.

बाकी चुका नेहमीच्याच, पण महागात पडणाऱ्या. मीटर 15 मिनिटांचे किलोवॅट-तास देतो. तासाचा लोड काढताना चारही रीडिंगांची बेरीज करायची. कुणी सरासरी काढली तर लोड चौथाईवर येतो आणि कपात फुगते. पीजेएमचे तास संपण्याच्या वेळेनं मोजतात, मीटरची फाइल कधी सुरू होण्याच्या वेळेनं येते; एका तासाची सरक पडली की दुरुस्तीचे तीन तासच बदलतात. दंडाचं मूल्यमापन 5 मिनिटांच्या खंडांत होतं (आपल्याकडे डीएसएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकापासून ढळलेल्या विजेच्या हिशेबात, 15 मिनिटांचे ब्लॉक असतात). 23 ला हे खंड रात्री 11 पर्यंत चालले, 24 ला पहाटे 4:25 लाच सुरू झाले. डिमांड रिस्पॉन्सची हिवाळी जबाबदारी मात्र तेव्हा सकाळी 6 ते रात्री 9 होती, म्हणून त्याबाहेरचे तास कपॅसिटीच्या पत्रकातून वगळावे लागले. 24 ला शनिवार असल्यानं बेसलाइनही वेगळी: मागच्या 3 शनिवारांतले जास्त वापराचे 2.

त्या हिवाळ्यानंतर नोंदणीच्या फॉर्मसोबत आम्ही कारखान्यांकडून सुट्ट्यांचं आणि देखभालीच्या शटडाउनचं कॅलेंडर मागायला लागलो. थंडीचा इशारा आला की आधी तेच उघडायचं आणि त्या दिवशी बंद असणाऱ्यांच्या नावापुढचा अपेक्षित आकडा निरोप यायच्या आतच खाली आणून ठेवायचा.