पडद्यामागची सावली

आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा ‘सायको’ हा भयपट मी प्रथम पाहिला, तेव्हा न्हाणीघरातला तो खून मला जवळजवळ पाठच होता, कारण त्याच्या नकला आणि विडंबने पाहतच आमची पिढी वाढली. पडद्यामागून सरकत येणारी सावली, संगीतकार बर्नार्ड हरमन यांच्या व्हायोलिनांची कर्कश किंचाळी आणि गरगरत वाहून जाणारे पाणी, एवढ्या भांडवलावर पुढच्या कित्येक भयपटांनी आपला संसार थाटला. (रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप होते, हे ठाऊक असूनही अंगावर काटा येतोच.) मला मात्र खरा धक्का वाटतो तो जॅनेट ली यांच्यासारखी नायिका अर्ध्या वाटेतच मारली जाण्याचा, म्हणूनच खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा दंडक हिचकॉक यांनी घातला आणि वाटेल तेव्हा चित्रगृहात शिरण्याची अमेरिकी प्रेक्षकांची सवय मोडू लागली.