पटावर हजर, बाकावर नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असं पत्र आलं. पटांगणातला लिंब, पावसाळ्यात गळणारा सहावीचा वर्ग, गॅदरिंगची नाटकं, हे सगळं आमच्या बॅचचे बाकीचे लिहितीलच. मी लिहितो ते दिवाळीनंतर दर वर्षी होतं आणि शाळेच्या एकाही वार्षिक अहवालात येत नाही. सुट्टी संपून वर्ग भरतो आणि बाकावरची जोडीदारीण आलेली नसते. आठ दिवस होतात, महिना होतो. वर्गात कुणी विचारत नाही. विचारते ती फक्त शेजारी बसणारी, आणि तिला उत्तर मिळतं, "गेली असंल फडावर." फड म्हणजे ऊस तोडायचं शेत. कुठल्या फडावर, ते कुणालाच सांगता येत नाही.

शाळा सोडल्यावर मी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय, म्हणजे कुठली टोळी कुठं तोडते याची नोंद ठेवणारा, म्हणून बरेच हंगाम काढले. आपल्या बीडमधल्या धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून ट्रक निघतो ते टोक आणि जिथं कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, पडते ते टोक, दोन्ही मला माहीत आहेत. म्हणून आठवणी बाजूला ठेवून, आज आठवी-नववीत असलेल्यांनी आपली मैत्रीण किंवा मित्र शोधायचा कसा, तेवढंच सांगतो.

आधी एक कोडं सोडवू. चाळीसच्या वर्गातून दहा-बारा पोरं जातात आणि ती कुणाला दिसत कशी नाहीत? शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. ऊसतोडीच्या टोळ्या हलतात दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. म्हणजे मोजणीच्या दिवशी सगळे जागेवर असतात, आणि नंतर जातात तेही सुट्टीच्या आडोशानं. जाताना दाखला कुणी काढत नाही, कारण पाच-सहा महिन्यांत परत यायचंच असतं. पटावर नाव, हजेरीत कधी 'अ', कधी तेही नाही. आपल्या राज्यात सहा ते चौदा वयाचं मूल सलग महिन्याहून जास्त काळ विनापरवानगी गैरहजर राहिलं तर ते शाळाबाह्य धरायचं, असा नियम आहे. तो महिना मोजायला कुणी बसलं तर. घरच्यांच्या लेखी पोरगी आईबापासोबत आहे, म्हणजे हरवलेली नाही. शाळेच्या लेखी ती पटावर आहे. कारखान्याच्या लेखी ती मुळात नाहीच, कारण करार कोयत्याचा असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. तेरा वर्षांची पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते, दुपारी वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायला फडात जाते. या कामाची नोंद कुठल्याच वहीत नाही.

म्हणून शोधताना पहिली चूक होते ती इथं. लोक पोरीचं नाव घेऊन विचारतात. कारखान्यात तिचं नाव कुणालाही माहीत नसतं. बापाचंही बहुधा नसतं. माहीत असतो तो मुकादम (टोळी जमवून आणणारा ठेकेदार), गाडीमालक आणि गाडीचा नंबर. तोडणी-वाहतुकीचा करार त्यांच्या नावावर होतो, उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, त्यांच्या हातून वाटली जाते, उसाच्या वजनाची पावती त्या गाडीच्या नावानं फाटते. तेव्हा विचारायचं असं: अमुक गावचा अमुक मुकादम, त्याची टोळी सध्या कुठल्या गटात आहे? हा प्रश्न कारखान्याच्या मुख्य दारावरच्या वॉचमनला विचारून उपयोग नाही. शेतकी विभागात विचारायचा. कारखान्याचं कार्यक्षेत्र गटांमध्ये वाटलेलं असतं, प्रत्येक गटाचं छोटं ऑफिस असतं, आणि आज कुठली टोळी कुणाच्या शिवारात तोडते आहे हे तिथल्या चिटबॉयला रोजच्या रोज माहीत असावंच लागतं. त्याशिवाय दुसऱ्या दिवशीची गाडी कुठं पाठवायची ते ठरत नाही.

टोळीचा प्रकार कळला तर अर्धं काम झालं. बैलगाडी किंवा टायरगाडीवाले कारखान्याच्या आसपास एका तळावर हंगामभर राहतात. पन्नास-शंभर कोपी एका जागी असतात, म्हणून माणूस सापडणं सोपं आणि जवळच्या शाळेत पोरगी घालणंही सोपं. ट्रक-ट्रॅक्टरची टोळी, जिथं मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भरतात, ती फिरती. एका शिवारातला ऊस संपला की बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी. कधी आठ दिवस, कधी पंधरा. गेल्या आठवड्यात सांगितलेला पत्ता या आठवड्यात खोटा ठरतो तो याच कारणानं. कुणी फसवलं असं लगेच धरू नका.

हे सगळं विचारता येण्यासाठी माहिती आधी हातात हवी, आणि ती गोळा करायचा काळ दसऱ्याच्या आधीचा पंधरवडा. नंतर गावात म्हातारी माणसं उरतात आणि त्यांना "कोल्लापूरकडं" यापलीकडं सांगता येत नाही. कोल्हापूरकडं म्हणजे सांगलीही असते, साताराही, आणि कर्नाटकातलं बेळगाव-बागलकोटही. वहीच्या शेवटच्या पानावर एवढं लिहून घ्या: मैत्रिणीचं हजेरीतलं पूर्ण नाव आणि घरचं नाव (आपल्याकडे ही दोन क्वचितच एक असतात), आईचं नाव, मुकादमाचं नाव आणि गाव, कारखान्याचं नाव, गाडी कुठली आणि तिचा नंबर, वडिलांचा, मुकादमाचा आणि टोळीतल्या आणखी एका घराचा मोबाइल नंबर. तीन नंबर अशासाठी की त्यातले दोन हंगामाच्या मध्यात बंद पडतात. रिचार्ज संपतो, सिम बदलतं, कोपीत वीज नसल्यामुळं फोन गावातल्या दुकानात चार्जिंगला पडून असतो. ट्रक गावातून निघताना मागच्या फळीचा फोटो काढून ठेवला तर नंबर लिहायचंही काम उरत नाही.

फोन कधी करायचा, यालाही गणित आहे. पहाटे चारलाच माणसं फडात असतात, तेव्हा सकाळ वाया जाते. रात्री उशिरा केला तर गाडीवान कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत बसलेला असतो, फोन त्याच्या खिशात आणि पोरगी तिकडं कोपीत. संध्याकाळी चूल पेटलेली असते त्या तासाभरात, साधारण सात ते साडेआठ, बहुतेक घरं एका जागी सापडतात. ज्या दिवशी कारखाना बिघाडानं बंद असतो किंवा पाऊस पडून फडात चिखल होतो, तो दिवस तर हक्काचा. बिघाडाची खबर मुकादमाच्या गावातल्या भावाला लगेच कळते. त्याला विचारत चला.

मुकादम उडवाउडवी करतो त्यामागं बहुतेक वेळा उचलीचं प्रकरण असतं. आता एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते. टोळीतलं एखादं जोडपं उचल फेडल्याशिवाय पळालेलं असलं, किंवा मुकादमानंच दोन कारखान्यांची उचल घेऊन तिसरीकडं टोळी घातली असली, तर तो कुणालाच ठावठिकाणा सांगणार नाही. त्याला वाटतं, वसुलीवाला बोलतोय. पोरांचा आवाज ऐकला तर तो थोडा सैल होतो. "सहामाहीचे मार्क कळवायचेत" असं सांगून विचारा. मार्क खरोखर कळवायचेच असतात, खोटं काही नाही त्यात.

ठिकाण कळलं, आता पुढचं काम मोठ्यांचं. वर्गशिक्षकांना सगळी माहिती लेखी द्या. तोंडी सांगितलेलं मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूल कुठल्या इयत्तेत, कुठपर्यंत शिकलं, हे त्यावर भरून ते पालकांच्या हाती द्यायचं, म्हणजे तिकडची शाळा त्याला त्याच वर्गात बसवते. हे कार्ड ट्रक गेल्यावर भरलं जातं आणि कपाटात राहतं, हा माझ्या पाहण्यातला नेहमीचा घोळ. भरलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पीठ-मिठाच्या गाठोड्यात ठेवायला आईला सांगा. दप्तर बहुतेक गावीच राहतं, गाठोडं कधी राहत नाही. मूळ कार्ड गेलं नसेल तर सरांनी फोटो काढून मुकादमाच्या फोनवर पाठवावा.

तिकडच्या शाळेत "आधी दाखला आणा" असं ऐकावं लागतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं पाचवं कलम सांगतं की दुसऱ्या शाळेतला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. चौथं कलम वयानुरूप वर्गात बसवायला सांगतं, आणि चौदावं वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवू देत नाही. आपल्या मुख्याध्यापकांनी तिकडच्या मुख्याध्यापकांना एक फोन केला तर कलमं काढायची वेळच येत नाही. बालरक्षक, म्हणजे शाळाबाह्य मुलांना परत शाळेत आणायचं काम करणारे शिक्षक, दोन्ही टोकांना असतात. ते एकमेकांना ओळखतात, हा मोठा आधार. कर्नाटकात गेलेल्यांची अडचण वेगळी: जवळची शाळा कन्नड. सीमाभागात मराठी शाळा आहेत, पण त्या टोळीच्या वाटेवर असतीलच असं नाही.

खरं तर पोरगी जाऊच नये यासाठी आपल्याच गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं, जेवण शाळेत, झोपायला आजी किंवा चुलत्याचं घर. मंजुरी दिवाळीनंतर आली तर मात्र उपयोग नाही, तोवर ट्रक गेलेला असतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं, प्रत्येकी १०० जागा, अशी तिची आखणी. मैत्रिणीचं नाव तिथं घालायचं असेल तर अर्जाची चौकशी जूनमध्येच करा, शाळा उघडते त्याच आठवड्यात.

आता अवघड भाग. फोन लागतो, आई बोलते, पण पोरगी फोनवर येत नाही. "मामाकडं आहे" म्हणते. मामाकडं विचारलं तर तिथंही नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत याचा अर्थ बरेचदा लग्न ठरलंय किंवा झालंय असा असतो. वयात आलेली पोर मागं एकटी कशी ठेवायची आणि फडावर उघड्या कोपीत तरी कशी न्यायची, या धास्तीनं आईबाप घाई करतात. शिवाय लग्न झालं की नवा कोयता उभा राहतो, नवी उचल मिळते. २००६ च्या कायद्यानं अठराच्या आत मुलीचं लग्न गुन्हा आहे आणि खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. गावातल्या गावात सांगायची भीती वाटत असेल तर १०९८ हा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालणारा. मुलांनी स्वतः केला तरी चालतो. लग्न व्हायचं असेल तर तारीख आणि ठिकाण सांगा, कारण दंडाधिकारी लग्न थांबवायचा आदेश आधीच देऊ शकतात. वयाचा वाद निघतो तेव्हा बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार शाळेतली जन्मतारीख पहिल्या रांगेतला पुरावा. ती आपल्या कार्यालयातल्या जनरल रजिस्टरमध्ये आहे. त्या लालसर बांधणीच्या वहीचा उतारा मुख्याध्यापक त्याच दिवशी देऊ शकतात.

आणि आईबापालाच ती कुठं आहे हे माहीत नसेल, तर वाट बघू नका. चोवीस तास थांबावं लागतं ही केवळ ऐकीव गोष्ट. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सांगितलं. फड सांगलीत, गाव बीडमध्ये, मग हद्द कुणाची, यावर घोळ घालू देऊ नका. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. पालकांसोबत शिक्षकांनी जावं. सोबत अलीकडचा फोटो, शाळेतला जन्मतारखेचा उतारा, शेवटचं कधी आणि कुठं दिसली, अंगावर काय होतं, अंगावरची खूण. ही शेवटची गोष्ट आईच्या खालोखाल बाकावरच्या मैत्रिणीला माहीत असते: कोपरावरचा भाजल्याचा डाग, डाव्या हातावरचं गोंदण. चार महिने शोध लागला नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडं जातो. चार महिने म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम, म्हणून पहिल्या आठवड्यातली तक्रार मोलाची.

बहुतेक वेळा इतकं काही नसतं. पोरगी कोपीतच असते आणि फेब्रुवारीत भूमितीचं तिसरं प्रकरण चुकल्याचं तिला रडू येत असतं. तिच्यासाठी एक दोनशे पानी वही वेगळी ठेवा. सगळे विषय उतरवत बसू नका, गणित आणि विज्ञानाच्या आकृत्या तेवढ्या घ्या. इतिहास-मराठी पुस्तकावरून भरून निघतं, गणितात मधली पायरी गेली की पुढचं सगळं अडतं. पोस्टानं पाठवू नका, कोपीला पत्ता नसतो. लग्नाला, मयतीला, देवाच्या कामाला टोळीतलं कुणी ना कुणी गावी येतंच, त्याच्या हाती द्या.

पट्टा पडतो, म्हणजे गाळप हंगाम संपतो, मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याच्या उसावर ते अवलंबून. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. या दोन तारखांत कधी आठ दिवस हाती लागतात, कधी परीक्षा होऊन गेलेली असते. म्हणून मार्च उजाडताच मुकादमाला विचारून ठेवा आणि मुख्याध्यापकांना तारीख सांगा. आठवीपर्यंत फेरपरीक्षेची सोय होऊ शकते. नववी-दहावीला शिक्षण हक्काचं छत्र डोक्यावर नसतं, नाव कमी झालं तर दहावीला बाहेरून बसण्यासाठी बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म हा मागचा दरवाजा उघडा आहे.

एक राहिलं. फोनवर ती आलीच, तर "कधी येणार" असं आधी विचारू नका. ते तिच्या हातात नसतं आणि ती गप्प होते. "आज कुठल्या गावात आहेस आणि तिथली शाळा कोपीवरून दिसते का" असं विचारा. दिसते म्हणाली तर शाळेच्या पाटीवरचं नाव वाचून दाखवायला सांगा, आणि लिहून घ्या.