टॉर्च बाजूने धरा

ऑक्शनच्या आधीचे दोन आठवडे आमच्याकडे कुणी कुणाशी धड बोलत नाही. मी मेलबर्नमधल्या एका ऑक्शन हाऊसमध्ये कंडिशन रिपोर्ट लिहिते (कुठल्या ते विचारू नका, नोकरी टिकवायचीय). यावेळचा सेल ऑस्ट्रेलियन पेंटिंग्ज आणि ड्रॉइंग्जचा आहे, बरीच मोठी नावं आहेत, आणि मी सांगतेय त्या दिवशी संध्याकाळी कॅटलॉग प्रिंटरकडे जाणार होता. कंडिशन रिपोर्ट म्हणजे चित्र चांगलं की वाईट ते लिहायचं नसतं, चित्राचं काय काय होऊन गेलंय ते लिहायचं असतं. रंग कुठे उडालाय, कुठे फाटून चिकटवलंय, आधी कुणी वरून दुरुस्ती केलीय का, कागदाला डाग पडलेत का. मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकत होते तेव्हा असल्या कामाचे पैसे मिळतात हेच मला माहीत नव्हतं.

इथल्या चित्रांचे त्रासही खास इथलेच. सिडनी नोलन या चित्रकाराने नेड केली या दरोडेखोरावरची गाजलेली सीरिज १९४६-४७ ला रंगवली ती रिपोलिन नावाच्या एनॅमलने, म्हणजे लोक घराच्या दारंखिडक्यांना लावायचे तो रंग, आणि तोही हार्डबोर्डवर. हार्डबोर्ड म्हटलं की ठेचलेले कोपरे आलेच. इयन फेअरवेदर तर अजून वरचा. क्वीन्सलँडमधल्या ब्रिबी बेटावर गवताच्या झोपडीत राहायचा, हाताला लागेल त्या पुठ्ठ्यावर नाहीतर वर्तमानपत्रावर मिळेल तो स्वस्तातला रंग लावायचा, आणि हाच माणूस १९५२ ला स्वतः बांधलेल्या तराफ्यावर बसून डार्विनहून एकटा समुद्रात गेला आणि १६ दिवसांनी इंडोनेशियातल्या रोटी बेटाला लागला, तेव्हा पुठ्ठा पन्नास वर्षांनी कुजेल का असला विचार त्याच्या डोक्यात येणं कठीणच. त्याचं चित्र उचलायची वेळ आली की मी आधी मोबाईल सायलेंट करते.

तर त्या सकाळी माझ्या टेबलावर शेवटचं काम होतं एक पेन्सिल ड्रॉइंग, लॉईड रीसचं. रीस १८९५ ला ब्रिस्बेनमध्ये जन्मला, नंतर सिडनीत स्थायिक झाला, आणि १९३० च्या दशकात त्याने सिडनी हार्बरच्या आसपासचे खडक, झाडांची मुळं, घरांच्या ओळी अशा काही बारकाईने काढल्यात की बघताना आपलेच डोळे दुखायला लागतात. पुढे म्हातारपणी नजर अधू झाल्यावर त्याची चित्रं नुसती उजेडाची होत गेली, ती पण मला आवडतात, पण पेन्सिलमध्ये त्याचा हात धरणारा इथे कुणी नाही असं माझं मत आहे. ब्रेट व्हाइटलीसारख्या इथल्या गाजलेल्या चित्रकाराला शाळकरी वयात रीसच्या चित्राने वेड लावलं होतं म्हणजे बघा.

आमचं ड्रॉइंग होतं खडक आणि वडासारख्या मोठ्या झाडाच्या मुळांचं, खाली सही, साल १९३० च्या दशकातलं, कागदावर तपकिरी ठिपके. व्हिक्टोरियातल्याच एका गावातल्या सत्तरीच्या बाईंचं. त्यांच्या वडिलांनी विकत घेतलेलं, तेव्हापासून घरातच. आमच्या स्पेशालिस्टने त्यांच्या घरी जाऊन भिंतीवर काचेमागे पाहिलेलं, फोटोही काचेतूनच काढलेला, एस्टिमेट, म्हणजे अंदाजे किंमत, पाच आकडी. फ्रेम उघडून तपासायचं काम माझ्याकडे आलं.

फ्रेम उलटी केली तर मागे फ्रेमवाल्याचं लेबल. त्याच्यावरचा फोन नंबर आठ आकडी, ९ ने सुरू होणारा. मेलबर्नचे नंबर सात आकडी होते ते आठ आकडी झाले नव्वदच्या मध्यात, आणि बाईंनी फॉर्मवर लिहिलं होतं की साठच्या दशकापासून फ्रेमला कुणी हात लावलेला नाही. आता यात लगेच घाबरण्यासारखं काही नसतं, लोक विसरतात, काच फुटते, बदलून आणतात. मी मागचा ब्राऊन पेपर कापला, खिळे काढले, कागद बाहेर घेतला आणि पलटला. पाठ एकदम स्वच्छ, एक ठिपका नाही.

पुढून तर डाग होते ना! जुन्या कागदावरचे ते तपकिरी ठिपके कागदाच्या आत असतात, इतके असतील तर थोडे तरी मागे दिसतातच. दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारला आणि सगळा कागद निळापांढरा झगमगायला लागला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी चमक आणणारी केमिकल्स टाकतात ती कागदात यायला लागली १९५० च्या सुमारास, १९३० च्या दशकातला कागद असा पेटत नाही. मग भिंग लावलं. लांबून जी करडी पेन्सिलची रेघ वाटत होती ती भिंगाखाली गुलाबी, निळ्या, पिवळ्या बारीक बारीक कणांची निघाली, आणि ते तपकिरी डाग, ते पण तसलेच. म्हणजे डागांसकट छापलेलं! इंकजेट, पण फार निगुतीने केलेलं, चांगल्या जाड आर्ट पेपरवर. खरं सांगू, आधी मला त्या छापणाऱ्याचं कौतुकच वाटलं.

आमच्या डिपार्टमेंटच्या हेडला बोलावलं. ती काही न बोलता पाच मिनिटं भिंगातून बघत बसली आणि मग एवढंच म्हणाली, "लॉट काढ." म्हणजे हे चित्र सेलमधून बाहेर. आमच्या धंद्यात सगळ्यांच्या डोक्यात ती व्हाइटलीवाली केस असते. त्याच्या नावाची तीन चित्रं नकली असल्याच्या आरोपावरून मेलबर्नमध्ये खटला चालला, त्यातलं एक २५ लाख डॉलरला विकलं गेलेलं, २०१६ ला दोघांना दोषी ठरवलं, २०१७ ला अपिलात दोघंही सुटले, आणि तेव्हापासून शंकेचं चित्र म्हटलं की सगळ्यांची पाचावर धारण बसते. पण मला इथे फसवाफसवीचा वास येत नव्हता. फसवणारा माणूस जुना कागद शोधतो, ९ ने सुरू होणारा नंबर मागे चिकटवून ठेवत नाही.

बाई दुपारी येणारच होत्या, कागदांवर सह्या करायला. हेड म्हणाली, "तूच सांग, तू नीट समजावतेस." हो, नको असलेली कामं अशीच वाटली जातात. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि भाषण न देता भिंगच हातात दिलं. आधी आमच्या ड्रॉवरमधलं दुसरं एक खरं पेन्सिल ड्रॉइंग दाखवलं, टेबल लॅम्प बाजूला आडवा धरून. ग्रॅफाइटची रेघ तिरक्या उजेडात चांदीसारखी चमकते, दिवा हलवला की चमक पण सरकते. मग त्यांचं. दिवा कुठूनही धरा, मख्ख.

"म्हणजे बाबांना फसवलं कुणी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पैशाचा नाही. मी म्हटलं बाबांच्या वेळी हे छापताच आलं नसतं, नव्वदनंतर घरात काही झालं होतं का? त्या बराच वेळ गप्प, आणि मग एकदम हसायलाच लागल्या. आई गेल्यावर तीन भावंडांच्या वाटण्या झाल्या (वाटण्या काय फक्त आपल्या कोकणातच होतात असं थोडंच आहे), आणि हे चित्र तिघांनाही हवं होतं. धाकटा भाऊ प्रिंटिंगमध्ये. तो म्हणाला भांडू नका, मी दोन कॉप्या काढतो, तिन्हींना एकसारख्या फ्रेमा करतो. मोठी म्हणून मूळ चित्र आपल्याकडे आलं असं बाई इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. फ्रेमवाल्याकडून तीन एकसारखी पुडकी आली, कुठलं कुणी उचललं ते उघडून कुणी बघितलंच नाही! आता तो भाऊ हयात नाही.

त्यांनी तिथूनच टास्मानियात बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं फ्रेम अजिबात उघडू नका, खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा, समोरून नको, काचेत चमकेल. मख्ख. मग पर्थला, भावाच्या मुलाला. पर्थ आमच्या दोन तास मागे, तो घराबाहेर निघत होता, वैतागलाच, पण आत्यासाठी परत आत गेला. चित्र होतं वॉशिंग मशीनच्या वर. त्याने टॉर्च लावला, हळूहळू खाली आणला, आणि मुळांच्या त्या काळ्या गर्दीतून एक रुपेरी रेघ सरकत गेली. इकडे मी आणि हेड दोघी एकदमच "थांब थांब" ओरडलो.

स्क्रीनवरून नक्की काही सांगता येत नाही, कागद हातात आल्याशिवाय आम्ही लिहून देत नाही, हे सगळं हेडने त्याला ऐकवलं. त्याच्या डोक्यात त्यातलं किती शिरलं कुणास ठाऊक, कारण त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे आमच्याकडचं खरं?" आणि बाईंकडे बघायला मला जरा अवघडच झालं. विकायला त्या आल्या होत्या, आणि आमच्याच टेबलावर बसून पुतण्याला कळलं की घबाड त्याच्या घरात आहे. बाई म्हणाल्या, "ते आधी मशीनवरून काढ, वाफ लागते तिथे." बस, एवढंच. स्वतःचं चित्र होतं तसं परत फ्रेम करून द्या म्हणाल्या, ते आम्ही फुकटात करून दिलं.

कॅटलॉगचं पान ऐनवेळी मोकळं झालं. डिझायनरने कपाळावर हात मारून घेतला आणि पुढच्या लॉटचा एक डिटेल फोटो मोठा करून तिथे टाकला, बरा दिसतोय तो. प्रीव्ह्यू, म्हणजे ऑक्शनआधी चित्रं लोकांना बघायला लावतात ते, पुढच्या आठवड्यात सुरू होतोय. मेलबर्नमध्ये असा नाहीतर आणखी कुठे, आपापल्या शहरातल्या ऑक्शन हाऊसेसच्या प्रीव्ह्यूला जरूर जात जा, तिकीट नसतं, खरेदी करायलाच पाहिजे असंही नाही, आणि नंतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेलं की ते चित्र पुढची तीस वर्षं दिसत नाही. ड्रॉइंग जवळून बघायचंय म्हटलं तर भिंतीवरून काढून हातभर अंतरावर ठेवतात, लाजू नका.

काल पुतण्याचा मेल आला. एस्टिमेट किती, पुढचा सेल कधी, पर्थहून पाठवायचा खर्च कोण करणार. आत्याचा उल्लेख नाही. हेडने उत्तर लिहायला सांगितलंय की आजीच्या मृत्युपत्राची आणि वाटणीच्या कागदाची कॉपी आधी पाठवा, मग पुढचं बोलू.