उजवा आधी जातो

हॅन्डग्लोज घेताना मी आधी बेचकी बघतो. अंगठा आणि तर्जनीमधली. तळवा कितीही जाड असू दे, ओंडका उचलताना भार येतो तो तिथेच आणि शिवणही तिथेच उसवते. त्या जागी कातड्याचं जादा ठिगळ मारलेलं असेल तर पुढचं बोलायचं.

मिरगाच्या तोंडावर चिपळूणच्या बाजारात, भर दुपारी, हार्डवेअरच्या दुकानात माझं हे बेचकीपुराण चालू होतं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दुकानदाराने अख्खा खोका काउंटरवर पालथा केला. ठिपकेवाले सुती ग्लोज मी बाजूला सारले. त्यातून बाभळीचा काटा विचारतसुद्धा नाही, सरळ आत येतो. "लाकडांसाठी ना? मग वेल्डिंगचे न्या भाऊ, कोपरापर्यंत येतात." येतात खरे, पण ते घातले की आपली बोटं आत कुठे संपली तेच कळत नाही. बंबात घालायच्या ढलप्या उचलायच्या कशा?

एका पाकिटावर हातोड्याचं चित्र आणि खाली ईएन ३८८ असं होतं. हे युरोपातलं मानक. चित्राखालचे पहिले चार आकडे ओळीने घासणं, कापणं, फाटणं आणि टोचणं यांचे. टोचण्याला जास्तीत जास्त ४ मिळतात. पण ती परीक्षा होते बोथट टोकाच्या, खिळ्यासारख्या जाड सळईने. बांबूची सुईसारखी कूस त्या परीक्षेला बसलेलीच नाही.

आजोळी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, खळ्यातली लाकडं पडवीत रचायची म्हणजे आम्हा पोरांची रांग लागायची. ऐन, किंजळ, आंब्याच्या फांद्या, आणि चिकाने हात काळे करणारी काजूची. ग्लोज वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. नियम एकच, जुन्या राशीत हात घालण्याआधी काठी आपटायची. फुरसं केवढंसं असतं आणि सुक्या पानांच्या रंगात ते दिसतही नाही. रात्री जेवणं झाली की कुसा काढायचा कार्यक्रम. आजीला बारीक दिसत नसे. ती तळव्यावरून बोट फिरवायची, एका जागी थांबायची, "हितं हाय" म्हणायची आणि सुई टोचायची. नेम कधी चुकला नाही. तिच्या स्वतःच्या तळव्यात कूस शिरलेली मी पाहिली नाही. त्या कातड्याला कुठल्या पाकिटावर किती आकडे मिळाले असते कोण जाणे. मोळी विकायला येणाऱ्या बायकांचंही तसंच. डोक्याला चुंबळ असायची, हाताला काही नाही.

तर मी शेवटी म्हशीच्या कातड्याचे घेतले, मनगटाला इलास्टिक असलेले. मनगट सैल असलं की भुसा आणि मुंग्या आत शिरतात, आणि दोन्ही हातांत लाकडं असताना मुंगी चावली तर काय करता? मूठ मिटून, उघडून, काउंटरवरचं एक रुपयाचं नाणं उचलून पाहिलं. उचललं गेलं. कुऱ्हाड चालवताना मात्र मी ते काढून ठेवतो. दांडा उघड्या हातालाच नीट कळतो.

घरी आणल्यावर खरी लढाई पावसाशी. कातडं भिजतं, आणि घरातलं कुणीतरी मायेने ते चुलीच्या वैलावर वाळत ठेवतं. सकाळी ग्लोज सुक्या बांगड्यासारखा कडक. सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे असतात, हे मी दर वर्षी सांगतो. दर वर्षी "हो" म्हणतात.

आणि इतकं जपूनही उजवा आधी जातो. डावा तसाच धडधाकट राहतो. सुती ग्लोज असता तर उलटसुलट कुठल्याही हातात चालला असता, कातड्याच्याला ती सोय नाही. एकेरी ग्लोज कुणी विकत नाही, फुकट मागितला तर दुकानदार हसतो. पडवीतल्या खुंटीवर माझे डावे ग्लोज एकावर एक लटकले आहेत. पंचक्रोशीत कुणी डावखुरा लाकूडफोड्या असेल तर कळवा. साईज ९. त्याच्याकडे उजवे पडून असणारच.