इंजिन तीन आठवड्यांत बसलं, नंबराला सात महिने लागले

जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं असेल तर पाना हातात घ्यायच्या आधी गाडीचे कागद बाहेर काढा आणि त्यावरचा, कारखान्यात ठोकलेला नंबर गाडीवर नेमका कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहितोय.

गाडी १९३१ची फोर्ड मॉडेल ए, दोन दारांची. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातली तरुण पोरं असल्या गाड्या हलक्या करायची, त्यात दमदार इंजिन घालायची आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. त्या हॉट रॉड. पारंपरिक हॉट रॉड म्हणजे त्या पोरांच्या हाताला जे सामान लागलं असतं तेच वापरायचं. माझं लहानपण कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात मामांच्या लेथशेजारी गेलं. अमेरिकेत एकोणीस वर्षं काढली तरी जुनं ओतीव लोखंड दिसलं की पाय थबकतात.

बरेच जण शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक नावाचं इंजिन घालतात. स्वस्त आहे, सुटे भाग कुठेही मिळतात. पण ते १९५५ला आलं, आणि त्याचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागच्या बाजूला असल्यामुळे मॉडेल ए-ची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा, बहुतेक वेळा कापावी लागते. मूळ पत्र्याला कटर लावायला माझा हात धजला नाही. मी फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट घेतलं, म्हणजे आठ सिलिंडरचं, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं इंजिन. ५९एबी हा त्याचा प्रकार, १९४६ ते ४८च्या गाड्यांतलं, २३९ क्यूबिक इंच, १०० हॉर्सपॉवर. (मूळच्या चार सिलिंडरची ताकद ४०.) याचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो. ओळखायची खूण म्हणजे बेलहाउसिंग (क्लचवरचं मागचं आवरण) ब्लॉकसोबतच ओतलेलं असतं आणि त्याच्या माथ्यावर ५९ हा आकडा उठलेला असतो.

या इंजिनात एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या पोटातून जातात. त्यामुळे ब्लॉक तापतो आणि व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत चीर जाऊ शकते. विकणाऱ्याच्या शेडमधूनच मामांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "रॉकेल लाव, थोडा वेळ थांब, कोरडं पूस आणि वरनं खडू फास. चीर असंल तर काळी रेघ उठतीय बघ." पहिल्या ब्लॉकवर दोन रेघा उठल्या. दुसरा स्वच्छ निघाला, तोच उचलला. मशिन शॉपमध्ये चुंबकीय तपासणीतही तो पास झाला तेव्हा मामांचा फार अभिमान वाटला.

बसवायला तीन आठवडे लागले. गिअरबॉक्ससाठी मधली आडपट्टी नवी केली, ब्रेक हायड्रॉलिक केले. जुने सळयांनी ओढले जाणारे ब्रेक या ताकदीला ठेवू नका.

जुनं इंजिन मात्र मी पहिल्याच महिन्यात विकून टाकलं, आणि तिथेच घोडं अडलं.

फोर्डने मॉडेल ए-चा नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकला होता. मालकीच्या कागदावरही तोच. मी गाडी नावावर करायला नेली. तपासनिसाने टॉर्च मारला आणि विचारलं, "हा नंबर कुठे आहे?" तो दुसऱ्या राज्यात, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये होता. नोंदणी कार्यालयाची वेळ सहा-सहा आठवड्यांनी मिळायची. पहिल्या खेपेला सांगितलं, जुन्या इंजिनाच्या विक्रीची पावती आणा. दुसऱ्या खेपेला पावती नेली, तर म्हणाले पावती चालत नाही, इंजिनच दाखवा. तिसऱ्या खेपेला खिडकीवरच्या बाईंनी नवाच फॉर्म पुढे सरकवला: सुट्या भागांतून बांधलेली गाडी म्हणून नवा नंबर घ्या. फॉर्मवर सालाच्या रकान्यात यंदाचं साल होतं! नव्वदीच्या पुढची गाडी एका सहीने कालची होणार होती. मी फॉर्म परत केला. घरी येईपर्यंत संतापाने माझे हात थरथरत होते. तीन खेपांत कुणी एकानेही विचारलं नाही की हा नंबर आणखी कुठे असतो का.

ते सांगितलं मॉडेल ए दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या एका आजोबांनी. तोच नंबर चासीवरही (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) ठोकलेला असतो, डाव्या रेलच्या, म्हणजे लांब लोखंडी पट्टीच्या, वरच्या अंगाला, बॉडीच्या पुढच्या भागाखाली. बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. माझी बॉडी तेव्हा नुकतीच रंगवून घट्ट बसवलेली. पुन्हा सगळे बोल्ट सोडले, पुढची बाजू जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका, आकडे पुसले जातील. रंग काढायचं द्रावण आणि पितळी ब्रश, एवढंच. अर्ध्या तासाने आधी एक चांदणी दिसली, मग ए, मग एकेक आकडा, आणि शेवटी दुसरी चांदणी. कागदाशी तंतोतंत जुळला. मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसलो आणि बायकोला हाक मारली.

फोटो चालत नव्हते. तपासनीस घरी येईपर्यंत पाच आठवडे बॉडी तशीच ठोकळ्यांवर. आल्यावर त्यांचं काम चार मिनिटांत झालं.

म्हणून इंजिन काढलंत की लगेच विकू नका. नोंदणी हातात येईपर्यंत कोपऱ्यात झाकून ठेवा. आणि बॉडी एरवी उतरवणार असालच, तर रंगाआधी तो नंबर शोधून तपासणी उरकून घ्या.

रेडिएटरचं राहिलंच. फ्लॅटहेडला पाण्याचे दोन पंप असतात, म्हणून वर दोन आणि खाली दोन होज. मूळचा रेडिएटर जुळत नाही, चार तोंडांचा घ्यावा लागतो. तो घातल्यावर परवा पहिल्यांदा चाळीस मैल गेलो. तापमानाचा काटा १८० अंश फॅरनहाइटच्या वर चढला नाही, आणि काचेवर माझ्या नावाचा, गाडीचं साल १९३१ लिहिलेला कागद होता.