लेपर्ड २ए६ अपडेट: पांढरेपणा गेला, आणि टँक आता बेर्गेनला चाललाय

मंडळी, माझ्या लेपर्ड टँकच्या १/३५ मॉडेलचं टरेट (तोफेचा वरचा फिरता भाग) वाचलं! मागच्या अपडेटमधला फोटो आठवत असेल, मॅट कोट (चमक घालवणारं वार्निश) मारला आणि सकाळी बघतो तर काळे पट्टे सगळे भस्म फासल्यासारखे. हिरव्यावर आणि तपकिरीवर एवढं जाणवत नव्हतं, पण पट्ट्यांचा रंग आरएएल ९०२१ (रंगाचा जर्मन कोड) म्हणजे टार ब्लॅक, त्याच्यावर काय लपणार.

बऱ्याच जणांनी सांगितलं की राहू दे, धूळ म्हणून खपेल. मला नाही पटलं. धूळ आडव्या भागावर बसते, कोपऱ्यात साचते, स्कर्टच्या (चाकांवरच्या बाजूच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला चिकटते. हे वेजच्या (टरेटच्या पुढच्या टोकदार चिलखताच्या) तिरक्या अंगावर वरपासून खालपर्यंत एकसारखं पसरलेलं होतं. आणि वेज हीच तर २ए५पासूनच्या लेपर्डची ओळख, २ए४चं उभ्या भिंतींचं टरेट शेजारी ठेवलं की लगेच कळतं, नजर पहिली तिथेच जाते.

कारण सरळ आहे, पावसाळा. लॅकर थिनर झटकन उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा फिल्ममध्ये अडकतो. मॉइश्चर ट्रॅप कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी पकडतो, खोलीतल्या हवेचं तो काय करणार? आधी वरून ग्लॉस मारून बघितला, थोडा फरक पडला पण कडांना पांढरं तसंच. मग मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर घेतला, त्यात रिटार्डर (वाळणं लांबवणारा घटक) असतो, आणि आधी स्पेअर स्कर्टच्या तुकड्यावर नुसता थिनर मारला, रंग नाही वार्निश नाही, प्रेशर कमी आणि अगदी हलका मिस्ट. दोनेक सेकंद काहीच नाही, मग कडेकडून काळा रंग परत वर यायला लागला!! पृष्ठभाग जरा वेळ ओलसर राहतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. मग आयर्न क्रॉसच्या डेकल्सवर मास्किंग टेप लावून पूर्ण टरेट तसंच केलं, आणि नवा मॅट कोट एसी ड्राय मोडवर ठेवून, त्याच थिनरमध्ये. आता काळा काळाच दिसतोय, मॅट आणि सपाट.

हा थिनर पावसाळ्यात संपू देऊ नका. ज्वलनशील म्हणून बरीच दुकानं कुरिअरने पाठवतच नाहीत, आणि एका ऑनलाइन दुकानाने माझी ऑर्डर घेऊन, पैसे घेऊन, मग गुपचूप कॅन्सल केली. जवळच्या दुकानात हातात बाटली बघून घ्या.

बाकी, मेटल बॅरल बसवली. एल/५५ म्हणजे नळीची लांबी १२० मिमीच्या ५५ पट, ६.६ मीटर, २ए४च्या एल/४४पेक्षा १.३ मीटर जास्त, १/३५मध्ये जवळपास ३८ मिमीचा फरक. काय देखणी दिसते! ट्रॅकच्या एका बाजूच्या ८२ लिंक्स पण झाल्या, सुट्या लिंक्सचा कंटाळा येतो पण व्हिनाइल बेल्टवर मी आता परत जाणार नाही.

हे टाइप करता करताच प्लॅन बदललाय. युक्रेनचा टँक करणार होतो, जर्मनीने २०२३मध्ये दिलेल्या १८ २ए६पैकी एक, चिखलासकट. पण एवढा स्वच्छ काळा मिळाल्यावर तो चिखलाखाली घालायला जीव होत नाही, आणि जर्मन-डच मिळून असलेली टँक बटालियन, पान्झरबटालियन ४१४, कधीपासून डोक्यात आहे. नेदरलँड्सने २०११मध्ये टँकच काढून टाकायचं ठरवलं, पुढे १०० २ए६ फिनलंडला विकले, आणि २०१६पासून डच क्रू जर्मनीकडून भाड्याने घेतलेल्या १८ लेपर्डवर जर्मनीतल्या बेर्गेनजवळ जर्मन सैनिकांसोबत एकाच बटालियनमध्ये आहेत. आता तर त्यांनी स्वतःचे ४६ २ए८ घ्यायचं ठरवलंय. एकदा टँक सोडले की ते चालवणारी माणसं परत तयार करायला वर्षं जातात, म्हणून ती एक डच कंपनी (सैन्याची तुकडी) टिकवणं मला फार शहाणपणाचं वाटतं, आणि मॉडेलमध्ये हे कोणी फारसं करत नाही.

म्हणजे गडद चिखलाची पिगमेंट्स (रंगीत पावडर) परत डब्यात, बेर्गेनची जमीन वाळूची आहे, तर फिकट वाळूची धूळ फक्त चाकांवर आणि स्कर्टच्या खाली. ४१४च्या टँकवर २ए६एमए२चे (ते वापरतात त्या २ए६ प्रकाराचे) अँटेना बेस कुठे आहेत ते मागच्या बाजूने नीट दिसणारा फोटो कोणाकडे असेल तर टाका, ते कळेपर्यंत टरेटच्या मागच्या रॅकला हात लावत नाही.